हापशीमागची निळी भिंत

सीन साधा होता. हापशीवर नंबरावरून दोन बायांची बाचाबाची, आणि बघता बघता गल्लीत दोन तट. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, मे महिना, कॅमेऱ्यामागे मी. दुपारी बाराच्या पुढे सूर्य इतका डोक्यावर, की हापशीची सावली तिच्या बुडाशीच गोळा झालेली.

मेकपवाला कलाकारांवर पाणी फवारत होता, त्याला थांबवलं. आमच्या कोरड्या उन्हात घाम अंगावर टिकतो कुठे? सदऱ्यावर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. ताप चढवायचा होता तो लेन्सने. सिडनी लुमेट यांनी १९५७च्या, जवळजवळ सगळ्या एकाच खोलीत घडणाऱ्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये हेच केलं होतं. लेन्स हळूहळू लांब पल्ल्याची होत जाते, कॅमेरा डोळ्यांच्या वरून खाली येत जातो, शेवटी छत दिसू लागतं आणि खोली अंगावर येते. मी सकाळी २४ एमएमने सुरुवात केली, दुपारपर्यंत ८५वर आलो, कॅमेरा गुडघ्याएवढा खाली. रस्त्यावरची झळ लांब लेन्समध्ये अशी थरथरते की मागची माणसं पाण्यात उभी वाटावीत.

दुसरी उचल ‘डू द राइट थिंग’ची. १९८९च्या त्या ब्रुकलिनमधल्या सिनेमात छायालेखक अर्नेस्ट डिकरसन यांनी निळा-हिरवा शक्य तितका टाळला, भिंत लालभडक रंगवून घेतली. माझ्या हापशीमागे होती निळी भिंत, बौद्ध विहाराची. पोराला म्हटलं, बारदान लटकव.

इथं माझी अक्कल चरायला गेली होती. विदर्भात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये.

पहिलं बारदान चढतंय तोच एक आजोबा आले. “काऊन भाऊ, निया काऊन झाकून राहिले?”

मी समजावू लागलो. निळा थंड रंग, फ्रेममधली गरमी कमी होते, वगैरे.

“थंडा? हा रंग तुमाले थंडा वाटते?”

मागे पोरं जमली. एकाने ट्रायपॉडवर हात ठेवला. पलीकडच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, “अबे, होऊ द्या ना शूटिंग! तुमचं नेहमीचंच हाय!” त्या ‘तुमचं’नंतर जी शांतता पडली, ती मला दिवसभर कलाकारांकडून मिळाली नव्हती. हापशीवरच्या खऱ्या बायांनी पाण्याचे गुंड उचलले आणि घराकडे निघाल्या.

बारदान मी स्वतः काढलं, माफी मागितली. आजोबांनी पोरांना मागे घेतलं, पण जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

भिंत ठेवूनच शॉट घेतला. माती, चेहरे, आभाळ सगळं उन्हाने पांढरं पडलेलं, आणि भांडणाऱ्या बाईच्या डोक्यामागे तो निळा.

नंतर कलर करताना दिग्दर्शक म्हणाला, पिवळा अजून चढव. चढवला की निळा करडा पडायचा. त्याला वेगळा धरून ठेवण्यात रात्र गेली.