एसटीतली ड्युटी आणि सामूहिक साधना : माझा अनुभव

एसटीत वाहक असलेल्या बाईचं डोकं ड्युटी संपताना कसं असतं, ते दुसऱ्या वाहक बाईलाच कळेल. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या भरभरून वाहू लागल्या. फार चांगलं झालं. माहेराला, दवाखान्याला, बाजाराला बायका मोकळेपणानं निघू लागल्या. पण गर्दी वाढली की सुट्ट्या पैशांवरून कटकट वाढते, जागेवरून जुंपते, मोफत प्रवासासाठी आधार कार्ड दाखवा म्हटलं की पंचाहत्तरी उलटलेले बाबा चिडतात. हे सगळं माझ्याबरोबर घरी यायचं. मुलांवर आवाज चढायचा आणि अंथरुणावर पडले की दुपारचंच भांडण मनात पुन्हा सुरू व्हायचं.

मी नाशिकची. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात जाणारे साधक माझ्या गाडीतून नेहमीच उतरायचे. त्यातल्याच एका निवृत्त शिक्षिकेनं मला विपश्यना या ध्यानपद्धतीबद्दल सांगितलं. दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते. राहणं-जेवण आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानातून चालतं, आणि आपलं दानही शिबिर पूर्ण झाल्यावरच घेतात. पैशाचा प्रश्न सुटला, उरला रजेचा. तीही मिळाली.

पोचल्यावर मोबाइल जमा केला. संध्याकाळी पंचशील, म्हणजे वागण्याचे पाच नियम, घेतलं आणि आर्य मौन सुरू झालं. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, वाचन-लेखन नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान. मधले जेवणा-विश्रांतीचे तास सोडले तर रात्री नऊपर्यंत तेच. जप, माळ, पोथीही दहा दिवस बाजूला ठेवायला सांगतात, म्हणजे शिकवलेली पद्धत निर्भेळ तपासता येते. मला हे जड गेलं. आमच्या घरात हरिपाठ कधी चुकत नाही. पण मुद्दा पटला, आणि घरी परतल्यावर हरिपाठ पुन्हा सुरू केला.

पहिले तीन दिवस फक्त आनापान. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठाच्या वरच्या भागावर लक्ष. श्वास लांबवायचा नाही, आखडायचा नाही, जसा आहे तसा बघायचा. ऐकायला किती सोपं! माझं मन तेवढ्यात डेपोत जाऊन हिशेब भरून यायचं.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष नेऊन तिथे जे जाणवेल ते बघायचं : उष्णता, मुंग्या, दुखणं, खाज. हवंसं असो की नकोसं, प्रतिक्रिया द्यायची नाही, कारण ते बदलणारच आहे. त्याला ‘अनिच्च’ म्हणतात. त्यानंतर दिवसातून तीन वेळा तासभर अधिष्ठान असतं. तेवढा वेळ हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. उभं राहून राहून माझे गुडघे आधीच दुखरे. अर्ध्या तासानंतर उजव्या गुडघ्यात जाळ व्हायचा. पण शेजारची बाई हलत नव्हती, पुढची आजी हलत नव्हती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, तरी त्या सगळ्या बायकांमुळे मी बसून राहिले. आणि मग एकदा दिसलं की तो जाळ सलग नाहीच. तो चढतो, उतरतो, जागा बदलतो. दुखणं गेलं नाही. त्या दुखण्याची भीती मात्र गेली.

संध्याकाळी लावतात त्या रेकॉर्ड केलेल्या प्रवचनात, ही पद्धत शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंका गुरुजींनी त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याविषयी सांगितलं, तेव्हा मी ताठ बसून ऐकलं. हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल, मोठ्या कचेरीचे प्रमुख, आणि त्यांनी कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही साधना शिकवली. गुरुजी स्वतः मंडालेत जन्मलेले, व्यापारी घरातले. असह्य डोकेदुखीमुळे १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि १९६९ मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले. संसार आणि नोकरी-धंदा सांभाळून माणसं हे करतात, हे माझ्यासारखीला ऐकायलाच हवं होतं.

खरी परीक्षा घरी आल्यावर. रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा, असं सांगून पाठवतात. पहाटेची ट्रिप असली की सकाळचा तास कुठून आणणार? संध्याकाळी बसलं की कुकरची शिट्टी, दाराची बेल, मुलांचा अभ्यास. एकटीचा तास आक्रसत गेला. त्याच शिक्षिकाबाईंनी मग त्यांच्या घरच्या साप्ताहिक सामूहिक साधनेला बोलावलं. दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांनाच तिथे बसता येतं. हॉलमधलं फर्निचर सरकवून चादरी अंथरतात. मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी येतात, एक रिक्षावाले दादा, एक कॉलेजातली मुलगी. गुरुजींच्या आवाजातली ध्वनिफीत लागते, तासभर शांतता, शेवटी ‘भवतु सब्ब मंगलं’ (सगळ्यांचं मंगल होवो) आणि सगळ्यांचं ‘साधु, साधु, साधु’. कोणी उपदेश करत नाही, कोणाची प्रगती विचारत नाही. मला वाटतं, म्हणूनच ते टिकलंय. तिथे बसून आलं की पुढचे काही दिवस घरचा तासही आपोआप जमतो.

बसमध्ये याचा उपयोग काय, हे सहकारी विचारतात. बाजाराच्या दिवशी भरलेल्या गाडीत एका प्रवाशानं जवळच्या तिकिटाला पाचशेची नोट काढली. सुट्टे मागितले तर आवाज चढवला, माझ्या नोकरीचा उद्धार केला. माझे कान तापले, गळा आवळला, मशीनवरची पकड घट्ट झाली. पूर्वी हे कळायच्या आत तोंडून उत्तर गेलेलं असायचं. या वेळी ते तापणं आधी कळलं. दोन श्वास घेतले, उरलेले पैसे तिकिटामागे लिहून दिले आणि ‘उतरताना आठवणीनं घ्या’ म्हणून पुढे सरकले. राग आलाच होता, पुढच्या थांब्यापर्यंत छातीत धडधडत होतं. पण ते भांडण रात्री अंथरुणात आलं नाही.

सगळीकडे असं जमत नाही. वडिलांच्या जमिनीच्या वाटणीवरून भावाशी फाटलंय, आणि त्याचा फोन आला की अजूनही श्वास वगैरे काही सुचत नाही. साधनेत त्याचा विचार आला की पोटात गाठ पडते. ती गाठ बघते. साधनेच्या शेवटी सगळ्यांचं भलं चिंततात, त्या मंगल मैत्रीच्या वेळी त्याचं नाव घेते, कधी मनापासून, कधी नुसतंच. एवढं झालं की त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेले आणि जेवून आले.

आता डेपोतल्या एका धाकट्या सहकारिणीनं शिबिराचा अर्ज भरलाय. ‘ताई, मला जमेल का?’ म्हणून रोज विचारते. तिला सांगितलंय : सैल कपडे आणि एक शाल घे. औषधं चालू असतील किंवा मनाचा काही आजार असेल तर अर्जात सगळं खरं लिही. गुडघे-पाठ दुखत असेल तर पहिल्याच दिवशी धम्मसेविकेला (शिबिरात सेवा देणाऱ्या बाईला) सांग, खुर्ची मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं तर दुपारी सहायक आचार्यांना भेट, पण बॅग भरू नकोस. आणि परत आलीस की त्या आठवड्यापासूनच आमच्याबरोबर बसायला ये.