घेऊन जा गे मारबत

२०१७ च्या जूनअखेरीस कॅननने सिक्स-डी मार्क टू हा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा नागपुरात नुकताच पाऊस लागला होता, लग्नसराई आटोपली होती, जंगलातल्या सफारी बंद व्हायच्या बेतात होत्या, आणि आम्हा छायाचित्रकारांपाशी तर्री-पोह्याच्या गाडीभोवती उभे राहून वाद घालण्याइतका वेळ होता.

पहिला सिक्स-डी २०१२ चा. ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या रोलमधल्या एका फ्रेमएवढा, म्हणूनच ‘फुल फ्रेम’ म्हटला जाणारा, प्रकाश टिपणारा सेन्सर त्याने बेताच्या मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात आणला होता. म्हणून त्याच्या वारसाची वाट आम्ही जवळजवळ पाच वर्षे पाहिली, परदेशी गेलेल्या थोरल्या मुलाची पाहावी तशी. मुलगा आला, त्याची बॅग उघडली गेली आणि जो तो आपल्या नावाचे पुडके शोधू लागला.

लग्नाची कामे घेणाऱ्या मित्राला त्यात काहीच सापडले नाही. एक कार्ड बिघडले तरी फोटो दुसऱ्यावर राहावेत म्हणून त्याला कार्डाचे दोन स्लॉट हवे होते आणि नव्या कॅमेऱ्यातही जुन्यासारखा एकच होता. २० चे २६ मेगापिक्सेल झाले, सेकंदाला साडेचारऐवजी साडेसहा फोटो निघू लागले, हे सारे त्याने चमच्याने तर्रीवरचा तवंग बाजूला सारावा तसे सारले. काही वर्षांपूर्वी एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्याचे कार्ड बिघडले होते, आणि ते वधूच्या आईला सांगायला तो कसा गेला, हे आम्ही त्याच्याकडून इतक्यांदा ऐकले आहे की त्या बाईंच्या शालूचा रंगही आम्हाला पाठ आहे. ‘‘भाऊ, वरमाला काय दुसऱ्यांदा घालतात का माझ्यासाठी?’’ या त्याच्या प्रश्नाला कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नसते.

फुटाळा तलावाच्या काठावर जोडप्यांच्या चित्रफिती काढणारा तरुण त्याहून चिडला होता. खिशातला मोबाईल फोर-के चित्रण करतो, त्याच कंपनीचा आदल्या वर्षीचा महागडा फाइव्ह-डी मार्क फोर करतो, मग हाच का नाही, असे तो विचारी. महागडा खपावा म्हणूनच, हे उत्तर त्यालाही ठाऊक होते. मला वाटते, नसलेल्या सोयीपेक्षा तिच्यामागचा हिशेब लख्ख दिसतो, याचाच त्याला अधिक राग होता. वाघांच्या मागे हिंडणारे मात्र या वादात पडलेच नाहीत. त्यांच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ४०० मिलिमीटरची लेन्स ६४० ची असल्यासारखी दिसते. ते सोडून फुल फ्रेमवर आलो तर वाघ आहे त्याहून लांब जाईल, असा त्यांचा रोकडा विचार होता. त्यातच दोन दिवसांवर जीएसटी आला होता आणि किंमत विचारली की दुकानदार हसत, चहा मागवत आणि पुढच्या आठवड्यात या म्हणत.

माझी तक्रार फोकस पॉइंटांची, म्हणजे चौकटीतल्या ज्या ठिकाणांवर कॅमेरा फोकस धरतो त्यांची होती. जुन्यात ते ११, त्यांतला भरवशाचा मधला एकच. त्यामुळे आधी डोळ्यांवर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा सरकवून चौकट जुळवायची, ही सवय हाताला जडली होती, आणि त्या सरकण्यात मी किती चेहरे हरवले याची मोजदाद नाही. नव्यात ४५ पॉइंट आले खरे, पण सगळे मध्यभागी दाटीवाटीने, पंगतीत पंख्याखालची जागा धरून बसलेल्या पाहुण्यांसारखे.

मनापासून आनंदले ते आमच्यातले एक निवृत्त काका. पावसाळ्यात सेमिनरी हिल्सवर अळंबी आणि गवतफुले टिपायची, तर चिखलात पालथे पडावे लागते, आणि गुडघ्यांनी ते केव्हाच नाकारले होते. कॅननच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला पाठीमागचा, बाहेर वळवून वरूनही पाहता येणारा पडदा पहिल्यांदाच लाभला होता. बाकीचे आकडे त्यांनी वाचलेही नाहीत.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत मारबतीच्या, म्हणजे गावाची पिडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्याच्या, गर्दीत आम्ही सारे होतो. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर चालू असताना लग्नवाला मित्र माझ्या कानाशी ओरडला, ‘‘एकच स्लॉट घेऊन जा गे मारबत!’’ फुटाळ्यावाल्याने त्यात आपले गाऱ्हाणे जोडले, मीही जोडले. कंपनीवरच्या रोषाचा एखादा बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला टोमणेबाज पुतळा, सहज उभा राहिला असता.

पुढल्या वर्षी काका नवा सिक्स-डी घेऊन आले. पिवळी मारबत जवळ येताच आम्ही टाचा उंचावून, परक्यांच्या खांद्यांवर कोपरे टेकवून धडपडत होतो, तेव्हा त्यांनी कॅमेरा डोक्यावर उंच धरला, पडदा खाली वळवला आणि शांतपणे चार फोटो घेतले. आम्ही ते पाहायला त्यांच्याभोवती जमलो. मारबतीचे डोळे, मागची माणसे, वरच्या सज्जातल्या बायका, सारे जागच्या जागी होते. लग्नवाल्या मित्राने फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला, कॅमेरा काकांच्या हाती परत दिला आणि म्हणाला, ‘‘घरी गेल्यागेल्या उतरवून ठेवा, काका. कार्ड एकच आहे.’’