वरून टपकलेली तर्री

शेवभाजीवर तर्री किती हवी यावर आमच्या घरात दोन तट आहेत. पण ती वरून टपकावी, असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. गेल्या चैत्रातल्या एका रविवारी मी काळा मसाला तेलात परतत होते आणि कढईत एक काळपट पिवळा थेंब पडला. टप्. वर बघितलं तर चिमणीच्या जाळीच्या कडेला दुसरा लोंबत होता. मागे लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "वं माय, हाई चिमणी शे का तेलनी घानी?"

त्यांचं माहेर धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचं. धूर जायला छतात एक भोक, आणि खालची लाकडं धुरानं काळी कुळकुळीत. ती कुणी कधी धुतली नाहीत, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

चिमणीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय की जाळी महिन्यातून एकदा धुवा. लिहिणाऱ्याच्या घरी कांदा-खोबरं आचेवर भाजत नसावेत. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा रस्सा, एकदा भजी, आणि ठेचा तर रोजचाच. बारा दिवसांत जाळी चिकट होते. ती तुंबली हे ओळखायला मला पुस्तक लागत नाही. तव्यावर मिरच्या टाकल्या आणि पुढच्या खोलीतले लोक खोकायला लागले की समजायचं. खोकला तरी परवडला. तेल प्यायलेल्या जाळीखाली फोडणीचा भडका उडाला तर जाळीच पेट घेऊ शकते.

त्या रात्री मी जाळ्या काढल्या आणि उत्साहाच्या भरात घमेल्यात कढत पाणी ओतून मूठभर धुण्याचा सोडा टाकला. पाणी फसफसायला लागलं. मला वाटलं, वा, तेल सुटतंय! अर्ध्या तासानं बघते तर चकचकीत जाळ्या राखेच्या रंगाच्या झालेल्या, बोटं काळी. जाळ्या ॲल्युमिनियमच्या होत्या. सोड्यात ॲल्युमिनियम काळं पडतं, हे जुनी पातेली घासणारी कोणतीही बाई सांगेल. मी विचारलंच नव्हतं. अशा जाळ्यांना गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, एवढंच चालतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या आग्रा रोडला गेले. "दोन फुटी चिमणीची जाळी द्या." दुकानदारानं पाच प्रकारच्या जाळ्या काउंटरवर मांडल्या, सगळ्या दोन फुटी चिमण्यांच्याच. "ताई, जुनी आणली का?" नव्हती आणली. देवपूरला घरी परत, टेप घेतली: १५ बाय १०.५ इंच. जाडीही मोजली, आणि खिट्टी कोणत्या बाजूला आहे तेही कागदावर काढून घेतलं. जाडी चुकली की जाळी खाचेत बसतच नाही.

या वेळी त्यानं स्टीलची बॅफल जाळी दाखवली. उजेडासमोर धरली तर आरपार काही दिसेना. मला शंका आली, हवा जाणार कुठून? तो म्हणाला, "आत पन्हाळी उलटसुलट बसवल्यात. हवा वळून जाते, तेलाच्या थेंबाला वळता येत नाही. तो पत्र्यावर आपटतो आणि खाली ट्रेमध्ये येतो." बारीक जाळीत हेच तेल भोकाभोकांत अडकून बसायचं. दोन घेतल्या. तो कोळशाचा फिल्टरही गळ्यात मारत होता, पण आमच्या चिमणीचा पाइप भिंतीतून बाहेर गेलाय, आम्हाला तो कशाला? ज्यांची हवा गाळून परत घरातच येते, त्यांना वासासाठी तो लागतो. आणि तो धुवायचा नसतो, काही महिन्यांनी बदलायचा असतो. शेजारच्या वहिनींनी धुऊन दोरीवर वाळत घातला होता. दोन दिवस त्यांच्या गॅलरीतून काळं पाणी ठिबकत होतं.

स्टीलला सोडा चालतो. आता दर दुसऱ्या रविवारी कढत पाणी, दोन चमचे सोडा, अर्धा तास भिजवणं, मग कोपऱ्यांना जुना टूथब्रश. तारेची घासणी नाही, चरे पडले की तेल तिथंच धरतं. आणि ओली जाळी परत लावायची नाही. ट्रेमधलं तेल मात्र सासूबाई मला फेकू देत नाहीत. फाटकाच्या बिजागऱ्यांना लावतात. फाटक आता आवाज करत नाही, पण त्याला फोडणीचा वास येतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी जाळ्या धुऊन गच्चीवर ठेवल्या. मांड्यांचं खापर अंगणातल्या चुलीवर चढलं होतं, धूर वाटेल तिकडे जात होता, आणि रस-मांड्यांच्या गडबडीत मी जाळ्या विसरले. दुपारी तीनला आठवण झाली. धुळ्याचं वैशाखातलं ऊन. हात लावला तर असा चटका बसला की फडक्यात धरून खाली आणल्या.