गुरू उलटा पळाला
काल रात्री ठाण्यात आमच्या गच्चीवर दुर्बिणीच्या माउंटला (ती फिरवणाऱ्या स्टँडला) मोटर लावून बघितली. ईएसपी32 (छोटा कंट्रोलर बोर्ड), दोन स्टेपर मोटर (बारीक पावलांनी फिरणाऱ्या), टायमिंग बेल्ट आणि ऑनस्टेप हे माउंट चालवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. इथून ध्रुव जेमतेम 19 अंश वर, तोही समोरच्या टॉवरमागे. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, तो म्हणून होकायंत्रानेच जुळवला. गुरू मध्यभागी आणला, ट्रॅकिंग (आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणं) सुरू केलं, तर पठ्ठ्या दुप्पट वेगाने बाहेर! मोटर उलटी फिरत होती. सप्लाय बंद करून (चालू असताना मोटरची वायर काढली की ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारी चिप, जळतो, एक आधीच स्वाहा केलाय) एका कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. मग वीस मिनिटं गुरू जेमतेम सरकला. बाबा चहा घेऊन वर आले, डोळा लावला.
"अरे, बाजूला चार चांदण्या आहेत!"
"चंद्र आहेत ते, बाबा."
चहा गार झाला.