देवबागची सुरमई आणि खाडीच्या मुखावरचा पाऊण तास

मालवणजवळच्या देवबागहून सुरमई गळाने पकडायला जाणार असाल, तर होडीवाल्याला पहिला प्रश्न माशांविषयी विचारू नये, कर्ली नदीच्या मुखावरील ओहोटीच्या वेळेविषयी विचारावा. आम्ही तो विचारला नाही. ‘मुखातून केव्हाही आत येता येते’ या होडीवाल्याच्या शब्दावर विसंबून आम्ही परतताना दुपारी एकला, ऐन ओहोटीत तेथे पोहोचलो. नदीचे पाणी बाहेर ओढत होते, वायव्येचा वारा आत ढकलत होता आणि या ओढाताणीत वाळूवर लाटा भिंतीसारख्या उभ्या राहत होत्या. तळ दोनदा घासला, एकदा इंजिन बंद पडले आणि पाऊण तास आम्ही मुकाट्याने काठ धरून बसलो. जीवरक्षक जाकिटे होती, पण ती फळीखाली कोंबलेली होती. तेव्हा भरतीचे वेळापत्रक स्वतः पाहावे, पहाटे पाचला निघून वारा वाढण्याआधी, म्हणजे अकराच्या आत परतावे आणि त्या वेळेत ओहोटी येत असेल तर सरळ दिवस बदलावा. जाकीट धक्क्यावरच अंगात घालावे.

दुसरी फसवणूक साहित्याची झाली. ‘सगळे होडीवर आहे’ याचा अर्थ साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि बोथट गळ एवढाच निघाला. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी आणि पात्यासारखे धारदार असतात. पहिल्या तीन माशांनी तंगूस कात्रीने कापावा तसा कापून नेला. गळाच्या वर वीतभर बारीक पोलादी तार हवीच. जाड तार नको, कारण नितळ पाण्यात ती माशाला दिसते. चौथ्या वेळी माझ्या पिशवीत सापडलेली तार बांधली, होडी चालती ठेवून नकली मासा मागे ओढला आणि पुढच्या क्षणी रिळावरून तंगूस किंचाळत सुटला. सहा किलोंची सुरमई निघाली. अंगावर लाटांसारखे नागमोडी उभे पट्टे होते, म्हणजे ती मोठी वाढणारी जात. नुसते ठिपके असतील तर ती तिची लहान बहीण समजावी. गळ काढताना बोटे तोंडात घालू नयेत, पक्कड वापरावी.

बर्फ मात्र घरूनच न्यावा. होडीवरचा नऊ वाजताच वितळला होता, आणि उन्हात राहिलेल्या सुरमईत हिस्टामिन तयार होऊन विषबाधा होऊ शकते. शिजवल्यानेही ते जात नाही.

पुढचे दोन दिवस मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर, मजेत गेले. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. जून-जुलैत मासेमारीबंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा या कामासाठी येऊच नये.

होडीचे ठरले होते सहा हजार, घेतले साडेआठ. डिझेल, आमिष आणि तो वितळलेला बर्फ यांचे पैसे वेगळे लावले. काय काय धरले आहे, ते निघण्याआधी मोबाइलवर लिहून घ्यावे. सुरमईच्या त्या एका धावेपुढे वरचे अडीच हजार फारसे नाहीत असे आज वाटते, पण धक्क्यावर ओल्या कपड्यांनी नोटा मोजताना तसे अजिबात वाटले नव्हते.