मेला की नाही, हे आधी ठरवा

जीवन आणि मरण यांच्या मधल्या जागेत घडणारी ख्रिस्ती रहस्यकथा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. धुकं असतं, बोगदा असतो, पांढऱ्या वस्त्रातलं कुणीतरी वाट पाहत असतं. पण नायक मेलाय की नुसता बेशुद्ध आहे, हे लेखकानंच ठरवलेलं नसतं. त्यामुळे पुढच्या दोनशे पानांत नेमकं काय हरवू शकतं, हे वाचकाला कळत नाही. भीती वाटावी असं तिथे काही उरतच नाही.

इतर भयकथांत हा घोळ खपतो, ख्रिस्ती कथेत खपत नाही. कारण बायबलमधल्या इब्रीकरांस पत्राच्या ९व्या अध्यायातलं २७वं वचन: माणसाला एकदाच मरण आहे आणि त्यानंतर न्याय. हे वचन मानलं, की कथानकाचे दोनच रस्ते उरतात.

पहिला रस्ता: तो अजून मेलेला नाही. शरीर आयसीयूत आहे. पश्चात्ताप, क्षमा, नकार, सगळं अजून शक्य आहे आणि वेळ संपत चालली आहे.

दुसरा रस्ता: तो मेलेला आहे. मग त्याचा स्वतःचा निकाल लागलेला असतो, म्हणून टांगणीला कुणीतरी जिवंत माणूस हवा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायात हा साचा तयारच आहे. श्रीमंत माणूस अधोलोकात आहे, मधली दरी कुणालाच ओलांडता येत नाही, आणि त्याचे पाच भाऊ अजून घरी आहेत. लाजार या मेलेल्या भिकाऱ्याला त्यांच्याकडे पाठवण्याची त्याची विनंती नाकारली जाते. गोष्टीचा सगळा धाक त्या पाच भावांत आहे. चार्ल्स विल्यम्स या इंग्रज लेखकाच्या १९४५ सालच्या 'ऑल हॅलोज ईव्ह' या कादंबरीत नायिका सुरुवातीलाच मेलेली आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर, ओस पडलेल्या शहरात ती उभी आहे. जिवाला धोका असतो तो तिच्या जिवंत मैत्रिणीला, आणि मेलेल्या बाईपुढे प्रश्न एवढाच, की जिला हयातीत टाळलं तिच्यासाठी आता ती काय करणार. रचना इतकी पक्की असली की पानापानावर राक्षस लागत नाहीत.

त्यानंतर पात्राचं चर्च ठरवा. वसईचं किंवा गोव्याचं कॅथलिक घर असेल, तर २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात आणि मृतांसाठी मिसा (चर्चमधला उपासनाविधी) होते, कारण जिवंतांच्या प्रार्थनेनं पर्गेटरीतल्या, म्हणजे मरणानंतर शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांना साहाय्य होतं अशी त्यांची शिकवण आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पर्गेटरीला दुसरी संधी समजणं. कॅथलिक शिकवणीत तिथला प्रत्येक आत्मा तारलेलाच असतो; त्याचं शुद्धीकरण बाकी असतं, निवड बाकी नसते. उलट नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली आजी मृतासाठी प्रार्थना करताना दाखवली, तर तिथले वाचक पुस्तक मिटतील. स्वर्ग आणि नरक यांखेरीज शरीरापासून वेगळ्या झालेल्या आत्म्यांसाठी तिसरी जागा शास्त्राला ठाऊक नाही, असं १६४६चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा हा प्रोटेस्टंट श्रद्धेचा दस्तऐवज स्पष्ट सांगतो. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या पंथाचे लोक तर मृताला पुनरुत्थानापर्यंत काहीच जाणीव नसते असं मानतात. त्या घरातल्या नायकासाठी पहिलाच रस्ता मोकळा आहे.

मला स्वतःला पहिला रस्ता अधिक सशक्त वाटतो. त्यात घड्याळ आयतं मिळतं, फक्त ते खरं हवं. हृदय थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. रक्त अजिबात फिरलं नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. सीपीआरमध्ये, म्हणजे थांबलेल्या हृदयावरच्या तातडीच्या उपचारात, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबतात; दर दोन मिनिटांनी थांबून मॉनिटर बघतात; अॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. सपाट रेषेवर शॉक देत नाहीत. शॉक असतो तो विस्कटलेल्या, थरथरत्या लयीसाठी. सपाट रेषा, शॉक आणि उठून बसलेला नायक असा प्रसंग लिहिलात, तर वाचकांतली प्रत्येक नर्स तिथेच थांबेल, आणि आपल्या ख्रिस्ती वाचकांत नर्सेस थोड्या नाहीत.

हे दोन मिनिटांचे तुकडे फार कामाचे आहेत. वहीत दोन रकाने आखा: डावीकडे रुग्णालयातली वेळ, उजवीकडे मधल्या जागेतला प्रसंग. तिकडचा काळ ताणलेला असला तरी चालेल, पण प्रमाण एकदा ठरलं की बदलू नका. दहाव्या प्रकरणात सोयीसाठी बदललंत, तर वाचकाचा घड्याळावरचा विश्वास उडतो.

हृदय पुन्हा सुरू झालं आणि शुद्ध आली नाही, तर मेंदू कितपत सावरेल याचा अंदाज डॉक्टर सहसा निदान ७२ तास बांधत नाहीत. तीन दिवस; येशू तिसऱ्या दिवशी उठला. ख्रिस्ती वाचकाला या आकड्याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही, तुम्हीही सांगू नका.

मेंदूमृत्यू मात्र ओलांडू नका. भारतात १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करून तो जाहीर करतं. तिथून नायक परत आणायचा तर तो उघड चमत्कार म्हणूनच लिहावा लागेल. शिवाय खलनायक एकटा उपचार करणारा डॉक्टर असेल, तर उरलेल्या तीन सह्यांचं काय, याचं उत्तर कथेत हवं.

वर्णनात हात आखडता ठेवा. बेथानीचा लाजार चार दिवस कबरेत होता. त्यानं तिथे काय पाहिलं, याबद्दल शुभवर्तमानकार योहान एक शब्दही लिहीत नाही. प्रेषित पौल तिसऱ्या स्वर्गाबद्दल बोलतो तेव्हाही, ऐकलेले शब्द माणसानं उच्चारू नयेत असं म्हणून थांबतो. दोन-तीन इंद्रियगम्य तपशील पुरतात. तिथे सावली पडत नाही, एवढं एक नेमानं पाळलंत, की ज्या पानावर सावली पडेल ते पान वाचकाला हादरवेल.

मराठी भयकथेच्या सवयीही आत शिरू देऊ नका. इच्छा अतृप्त राहिली म्हणून फिरणारा आत्मा, मांत्रिकानं बोलावलेला मृत, मारुतीच्या पारावर थबकणारं भूत ही वेगळ्या परंपरेची समृद्ध सामग्री आहे. ख्रिस्ती कथेत मृतांना विचारणं निषिद्ध आहे (बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक, अध्याय १८), आणि एन-दोर गावच्या, मृतांना बोलावणाऱ्या स्त्रीकडे मेलेला संदेष्टा शमुवेल दिसतो तेव्हा शौल राजाला मदत मिळत नाही, स्वतःच्या दुसऱ्या दिवशीच्या मरणाची बातमी मिळते. तुमच्या कथेत कुणी मृताला बोलावलंच, तर किंमत त्याच मापाची हवी.

परतीचा प्रसंग घाईत उरकू नका. हृदय थांबलेल्या माणसाच्या आठवणींत सहसा खळगे असतात; संपूर्ण, सलग साक्ष खोटी वाटते. त्याला एकच गोष्ट आठवू द्या, आणि तीही अर्धवट. घशात नळी असेपर्यंत तो बोलू शकत नाही. नळी काढल्यावरही आवाज घोगरा असतो, आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय पाणीही देत नाहीत. म्हणजे खुनी पलंगाशेजारी फुलं घेऊन उभा आहे, नायकाला सगळं माहीत आहे, हात बांधलेला आहे आणि तोंडातून शब्द फुटत नाही, असे निदान दोन प्रसंग तुम्हाला कुठलीही ओढाताण न करता मिळतात. शेवटची गाठ तिथे बांधा.