ह्यो आज ओढंना

आमच्या एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या बाळांच्या कक्षाच्या दाराशी आलेल्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "काचेत किती दिवस ठेवणार?" दुसरा, "दूध कधी पाजायचं?" पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसरं आम्हा सिस्टरांच्या वाट्याला येतं, आणि ते दारात उभं राहून देता येत नाही.

एका आईबद्दल लिहिते. तिला इथे रेखा म्हणू. बीपी वाढलं म्हणून 31व्या आठवड्यात सिझर झालं, मुलगा, वजन 1340 ग्रॅम. रेखाची सासू बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, सातमाशी जगतं, आठमाशाचं अवघड असतं. खरा हिशेब उलटा आहे, पोटात जितके आठवडे जास्त तितकं बाळाला बरं. पण या समजुतीवर त्या आजींना रात्रीची झोप लागत होती, म्हणून मी काही बोलले नाही.

त्यांच्या दुसऱ्या हट्टावर मात्र बोलावं लागलं. "अंगावर धरलं की पितंय पोर, नळी कशाला?" ओढायचं, गिळायचं आणि मधेच श्वास घ्यायचा, या तिन्हींचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या आसपास बसतो. त्याआधी तोंडात दूध घातलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, नाहीतर गिळण्याच्या नादात बाळ श्वासच सोडून देतं. म्हणून तोंडातून पोटात बारीक नळी. सिरिंजचा दांडा काढून टाकायचा, नुसती नळकांडी वर धरायची आणि दूध आपल्या वजनानं उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. सुरुवात दर दोन तासांनी 3 मिलीने. चहाच्या चमच्यात याहून जास्त मावतं.

ते 3 मिली काढताना रेखा रडकुंडीला आली होती. टाके ओढत होते, छाती दगड, वाटीत जेमतेम तळ ओला. आजी म्हणाल्या, डबा आणू का पावडरचा? मी नको म्हटलं. इतक्या लहान आतड्यांना आईचं दूध मानवतं तसं दुसरं काही मानवत नाही, आणि आतडी सुजण्याचा जो आजार या बाळांना गाठतो त्याचा धोका आईच्या दुधावर कमी असतो. आईचं पुरत नसेल तर दुसऱ्या आयांचं, पेढीतलं पाश्चराइज केलेलं दूध हा पुढचा पर्याय. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. आमच्याकडे पेढी नाही. म्हणून आम्ही आईच्याच मागे लागतो. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटीत आणायचं. निपल पिळायचं नाही. दिवसरात्र मिळून आठ वेळा, आणि रात्रीची वेळ अजिबात चुकवायची नाही, कारण दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. रेखानं चार-पाच दिवसांत वाटी भरायला सुरुवात केली.

बाळ थोडं स्थिरावल्यावर तिला आत घेतलं, कांगारू केअरसाठी. उघड्या छातीवर बाळ, वरून ओढणीची गाठ. बोगोटा शहरात 1978 साली इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून सुरू झालेली ही पद्धत. आमच्यातल्या काही जणी अजून कुरकुरतात, आया आत आल्या की इन्फेक्शन येतं म्हणून. भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं अभ्यास केला, तो 2021 साली छापून आला. त्यात जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवलेल्या बाळांमधले मृत्यू पाव हिश्शानं कमी झाले आणि इन्फेक्शनची शंकाही कमीच आढळली. हात धुतले, नखं कापली, गाऊन घातला की आई आतच बरी.

तर पोटातले दिवस धरून बाळ 34व्या आठवड्यात आलं होतं. वजन 1420. दर दोन तासांनी 18 मिली. त्यातलं थोडं बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या लहान वाटीनं, उरलेलं नळीनं. बोंडल्यानं पाजणं रेखा माझ्याकडून शिकली आणि पुढे माझ्यापेक्षा बरं करू लागली. बाळाला गुंडाळून अर्धवट बसतं धरायचं, बोंडल्याचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी, दूध खालच्या ओठाला नुसतं लागेल इतपत. त्यानं जीभ बाहेर काढली की दोन थेंब. गिळलं का, बघायचं. श्वास घेतला का, बघायचं. मगच पुढचे दोन थेंब. घाईच्या नवख्या सिस्टरला यात नापास करावं लागतं, रेखाला करावं लागलं नाही. फीडच्या आधी ती त्याला दूध काढून रिकाम्या केलेल्या छातीशी लावायची, नुसती चोखायची सवय व्हावी म्हणून.

त्या दिवशी माझी मॉर्निंग होती. आठला ओव्हर घेतली, म्हणजे नाईटकडून प्रत्येक बाळाची माहिती. रेखाच्या बाळाबद्दल नाईटची सिस्टर म्हणाली, "स्टेबल, फीड घेतंय, शी झाली." कागदावर तसंच होतं. दहाच्या फीडला मी शेजारच्या वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यावर, सलाईन लावत होते. रेखानं हाक मारली.

"ताई, ह्यो आज ओढंना."

मॉनिटर पाहिला. ऑक्सिजन 95, ठोके 150च्या पुढेमागे, ताप नाही. मी म्हटलं, झोपेत असेल.

"झोप न्हाई ही. रोज तोंड लावलं की हनुवटी हालती. आज वठ उघडून तसाच पडलाय. आन् पाय बी ढकलंना."

हनुवटी. माझ्याकडे त्या वेळी दहा बाळं होती, कोणाची हनुवटी कशी हलते हे मला कुठून माहीत असणार? तिला माहीत होतं, कारण ती रोज त्याला छातीवर घेऊन तासन्‌तास त्याच्याकडेच बघत बसायची. मी फीड थांबवलं. टेपनं पोट मोजलं, सकाळी 24 सेंटिमीटर, आता 26. बोट टेकवलं तर पोट ताठ, कातडी ताणून चकाकत होती. नळीतून ओढलं तर हिरवट पाणी आलं. डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर हात धुवत होते तेवढ्यात बाळानं श्वास सोडला. रक्तातला ऑक्सिजन घसरत घसरत सत्तरच्या घरात. तळव्याला टिचक्या मारल्या, काही नाही. बॅग-मास्क लावला, पाच-सहा श्वास दिले, मग स्वतःहून रडण्यासारखा बारीक आवाज आला. अलार्म वाजला तो तेव्हा. रेखानं सांगितल्यापासून अर्धा तास झाला असेल.

एक्स-रेत आतडी फुगलेली होती, पण आतड्याच्या भिंतीत हवा, म्हणजे आतडी सुजण्याच्या त्या आजाराची खूण, नव्हती. इन्फेक्शनचा इशारा देणारा रक्तातला सीआरपी वाढलेला. रक्त कल्चरला पाठवलं, अँटिबायोटिक चालू, नाकातून दाबानं हवा देणारा सीपॅप चालू, फीड बंद. डॉक्टरांनी केसपेपरवर पहिलं वाक्य लिहिलं: बाळ नेहमीसारखं चोखत नाही, आई सांगते. मला ते आवडलं. "रुटीन तपासणीत आढळलं" असंही लिहिता आलं असतं.

दुपारी रेखा दूध काढायच्या खोलीत नुसतीच बसलेली. समोर वाटी कोरडी. "आता कुणासाठी काढू?" असं तिनं विचारलं, आणि तो प्रश्न माझ्यासाठी सकाळच्या बॅग-मास्कपेक्षा अवघड होता. फीड बंद असताना छातीही बंद पडली, तर बाळ बरं झाल्यावर द्यायला काही उरत नाही. पण अशा वेळी आईला ग्रॅम-मिलीच्या भाषेत हे सांगणं निर्दयपणाचं. उत्तर आजींनी दिलं, दारातूनच. "त्यो बरा व्हनार हाय. काढ." सुरुवातीला पावडरचा डबा आणायला निघालेल्या बाई! त्या दिवसापासून त्या बाटल्या धुवायला, वाफवायला आणि तारीख-वेळ लिहायला नातवाच्या बापाच्या मागे लागल्या.

तिसऱ्या दिवशी पोट मऊ पडलं, हिरवं थांबलं. पुन्हा 3 मिली, पुन्हा नळी. दोन पावलं मागे जाऊन तीच वाट परत चालायची, हे आयांना फार लागतं. रेखा त्यावर काही बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, हनुवटी हलली तर लगेच बोंडलं द्यायचं का. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

डिस्चार्जच्या वेळी वजन 1780 होतं, बाळ अंगावर पीत होतं. कमी दिवसांच्या बाळाला डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लागते. पहिली झाली होती, पुढची तारीख कार्डावर लाल पेननं लिहिली. आजींनी घुटी कधीपासून द्यायची ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत रेखा म्हणाली, "सहा महिनं कायबी न्हाई, आत्ती. पानी बी न्हाई." आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बगा, लई शिकीवलंय तुमी हिला."

आता ओव्हर घेताना मी नाईटच्या सिस्टरला विचारते, आई काय म्हणते? ज्युनियर मुली वैतागतात, कारण त्याला आमच्या शीटवर रकानाच नाही. शेरा या चौकोनात कसंबसं बसवतो. आयांसाठी मागच्या बाजूला कलणाऱ्या खुर्च्या मागितल्यात, त्या अजून यायच्या आहेत.